स्लॅबवरची बाई कुणाच्या यादीत?

मैत्रिणींनो,

या अंकाचं संपादकीय लिहायची पाळी माझी आहे. विषय ठरवताना बैठकीत बराच वाद झाला. "घराच्या छताचं काम करणाऱ्या मजुरांची सुरक्षितता हा कामगार संघटनांचा प्रश्न आहे, आपल्या अंकात तो कशाला?" असं दोघी-तिघींनी विचारलं. प्रश्न रास्त होता. दोन वर्षांपूर्वी मीही तोच विचारला असता. समाजकार्याच्या एम.ए.ला आम्हाला 'कामगार कल्याण' ही एक प्रश्नपत्रिका होती आणि 'स्त्रिया आणि विकास' ही दुसरी. दोन्हींत मला बरे गुण मिळाले. पण डोक्यावर घमेलं घेऊन स्लॅबवर चढणारी बाई त्या दोन्ही प्रश्नपत्रिकांच्या मधल्या फटीत राहिली, हे मला फार उशिरा कळलं.

एप्रिल-मे महिन्यात कुठल्याही वाढत्या शहराच्या कडेनं फिरून बघा. गुंठा-दीड गुंठ्याच्या प्लॉटवर एकेक मजला चढवण्याची घाई चाललेली असते. पाऊस यायच्या आत छत झालं पाहिजे. सकाळी सात वाजता नाक्यावरून टेंपो भरून गँग निघते. मालक नारळ फोडतो, मिक्सर सुरू होतो आणि मग काम थांबत नाही. स्लॅब मध्येच सोडला तर जोड कच्चा राहतो, म्हणून तो एका दमात भरावा लागतो. ऊन असो, अंगावर पिणारं मूल असो, पाळी असो, स्लॅब संपेपर्यंत घमेलं खाली ठेवता येत नाही.

जरा हिशेब मांडू. एक घनमीटर ओलं काँक्रीट साधारण २४०० किलो भरतं. ५०० चौरस फुटांचा, पाच इंच जाडीचा लहानसा स्लॅब धरला तरी सुमारे १४ टन वजन वर न्यावं लागतं. लिफ्ट असेल तर ती नेते. नसेल तर ते सगळं माणसांच्या डोक्यावरून जातं, आणि त्या रांगेत निम्म्या तरी बायका असतात. बांधकाम मजुरांसाठीच्या १९९८ च्या केंद्रीय नियमांत प्रौढ बाईनं एका वेळी ३० किलोपेक्षा जास्त ओझं वाहू नये असं म्हटलं होतं. नियम चांगला होता. पण त्यानं एका खेपेचं वजन मोजलं, दिवसभरातल्या खेपा मोजल्या नाहीत. आणि ज्या फळ्यांवरून ती चढते त्या फळ्या हलतात का, कडेला धरायला काही आहे का, हे छोट्या घराच्या कामावर बघायला कुणी येतच नाही.

२०२५ च्या मे महिन्यात आमच्या वस्तीतली एक वहिनी अशाच एका स्लॅबवरून पडली. दुपारचे तीन वाजले असतील. सेंटरिंगचे टेकू मातीवर नुसते उभे केले होते, खाली फळी नव्हती. मिक्सरचं पाणी मुरून जमीन भुसभुशीत झाली आणि एका कोपऱ्याचे टेकू खचले. ओल्या काँक्रीटसकट तिघं खाली आले. दोन पुरुष आणि ही. एका गड्याचा हात मोडला, दुसऱ्याच्या डोक्याला मार बसला. वहिनीच्या कमरेचं हाड मोडलं. वय बत्तीस. आज ती काठीच्या आधारानं चार पावलं चालते आणि घरातली भाजी निवडते. डोक्यावर घमेलं पुन्हा कधी घेणार नाही.

त्या भागात बांधकाम मजुरांची संघटना आहे. तिचे कार्यकर्ते त्याच संध्याकाळी दवाखान्यात पोचले, दुसऱ्या दिवशी ठेकेदाराच्या दारात बसले. त्यांच्या तळमळीबद्दल मला शंका नाही. ठेकेदारानं दोघा पुरुषांच्या दवाखान्याचा खर्च दिला, वर थोडे पैसेही दिले. संघटनेनं कामगार खात्याला जो अर्ज दिला त्यात दोनच नावं होती. मी विचारलं तेव्हा कार्यकर्ता दादा गोंधळला. म्हणाला, "हो ताई, एक बाईपण पडली म्हणे. पण हजेरीच्या वहीत तिचं नाव नाही."

वही मी पाहिली. तिच्या नवऱ्याच्या नावापुढे फक्त 'जोडी' असं लिहिलेलं होतं. नवरा-बायको मिळून एक हजेरी, एक मजुरी, आणि ती नवऱ्याच्या हातात. नऊ वर्षं ती या कामावर होती आणि नऊ वर्षांत एकाही वहीत तिचं नाव लिहिलं गेलं नव्हतं. ठेकेदाराच्या मुकादमानं पुढे जबाब दिला की बाई मजूर नव्हतीच, नवऱ्याचा डबा घेऊन आली होती. वहिनी मला एवढंच म्हणाली, "ताई, डबा घेऊन कुणी स्लॅबवर चढतं का?"

आता कायद्याकडे वळू. बांधकाम मजुरांचा केंद्रीय कायदा आपोआप मिळालेला नाही. १९८५ साली देशभरातल्या संघटनांनी मिळून राष्ट्रीय मोहीम समिती स्थापन केली. न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांच्यासारखी माणसं तिच्या पाठीशी उभी राहिली. तेव्हा कुठे १९९६ साली दोन कायदे झाले. एक नोकरीच्या व सुरक्षेच्या अटींचा, दुसरा बांधकामाच्या खर्चावर किमान एक टक्का उपकर घेण्याचा. त्या पैशातून कल्याणकारी मंडळं उभी राहायची होती. मंडळावर सरकार, मालक आणि कामगार यांचे प्रतिनिधी समसमान असावेत आणि किमान एक सभासद स्त्री असावी, असं कायद्यात लिहिलं होतं. पाचशे किंवा जास्त मजूर असलेल्या कामावर सुरक्षा समिती हवी, आणि तीत मजुरांचे प्रतिनिधी मालकाच्या प्रतिनिधींपेक्षा कमी नकोत, हेही होतं. महाराष्ट्रात नियम व्हायला २००७ उजाडलं आणि मंडळ उभं राहायला २०११. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ च्या मार्चमध्ये देशभरातल्या मंडळांकडे साठलेल्या हजारो कोटींच्या न खर्चलेल्या उपकराबद्दल राज्यांना खडे बोल सुनावले, ते आपल्यापैकी अनेकींनी वाचलं असेल.

सरकार आणि संघटना एकत्र बसल्या तर काय होऊ शकतं याचा अनुभव महाराष्ट्राला आहे. १९६९ चा माथाडी कायदा हा त्याचा पहिला धडा. ज्याला ठरलेला मालक नाही त्या हमालाचीही नोंदणी होऊ शकते, मंडळात तिन्ही पक्ष बसू शकतात आणि मजुरी मंडळामार्फत मिळू शकते, हे त्यानं दाखवून दिलं. दुसरा धडा आपल्या बायकांनीच दिलेला आहे. १९९३ साली पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. कचरा वेचणाऱ्या बाईच्या गळ्यात संघटनेचं ओळखपत्र आलं आणि महानगरपालिकेनं त्याला मान्यता दिली. आरोग्य विमा वगैरे पुढच्या गोष्टी त्यानंतर आल्या. आधी ओळख, मग हक्क, असा तो क्रम होता. स्लॅबवरच्या बाईच्या बाबतीत पहिली पायरीच राहून गेली आहे.

ती का राहिली, याचं एक कारण कायद्याच्या व्याख्येत आहे. १९९६ च्या कायद्यातून स्वतःच्या राहत्या घराचं दहा लाख रुपयांपर्यंतचं बांधकाम वगळलेलं होतं. वहिनी ज्या घरावरून पडली त्याचा खर्च मालकानं दहा लाखांच्या आतला दाखवला. दोन मजल्यांचं घर दहा लाखांत होत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण कागद तसा होता. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार श्रमसंहिता लागू झाल्या आहेत आणि बांधकामाचा जुना कायदा त्यांत विलीन झाला आहे. सुरक्षेच्या संहितेत राहत्या घरासाठीची ही मर्यादा पन्नास लाखांवर नेलेली आहे. म्हणजे यापुढे अशा मालकाला खोटा आकडा दाखवण्याचीही गरज उरली नाही.

याच काळात मोठ्या कामांवर काय झालं तेही बघा. टॉवरच्या कामावर तयार काँक्रीटची गाडी येते आणि पंप ते वरच्या मजल्यावर चढवतो. पंप चालवायला पुरुष, क्रेन चालवायला पुरुष. बाईच्या वाट्याला झाडलोट, विटा-रेती हलवणं आणि स्लॅबवर पाणी मारणं उरलं. डोक्यावरून काँक्रीट वाहण्याचं काम आज मुख्यतः छोट्या घरांवर राहिलं आहे, आणि तीच घरं व्याख्येच्या बाहेर आहेत. हेल्मेट, पट्टे, सुरक्षा अधिकारी, समिती हे सगळं मोठ्या कामांसाठी आहे. नव्या संहितेत सुरक्षा अधिकारी नेमण्याची अट बांधकामावर २५० मजुरांपासून सुरू होते. स्लॅबची गँग असते पंधरा-वीस जणांची. जिथे कायदा पोचतो तिथून बाईचं काम गेलं आणि जिथे बाई उरली तिथे कायदा पोचत नाही. या संपादकीयातून मला मुख्य म्हणायचं आहे ते हेच.

मग मागणी काय करायची? इथे आपण सावध राहायला हवं. 'बाईच्या सुरक्षेसाठी' या शब्दांनी बाईची रोजीरोटी गेल्याचा इतिहास आहे. १९२९ साली खाणींत जमिनीखाली बायकांना काम करायला बंदी घालणारे नियम झाले आणि पुढच्या दहा वर्षांत टप्प्याटप्प्यानं त्यांना बाहेर काढलं गेलं. महायुद्धात कोळसा कमी पडू लागला तेव्हा तीच बंदी उठली आणि युद्ध संपल्यावर परत लागली. खाली जाणं धोक्याचं होतं यात शंका नाही. पण धोका कमी करण्याऐवजी बाईलाच कमी केलं, आणि तिला दुसरं काम कुणी दिलं नाही. स्लॅबच्या बाबतीतही हे सहज होईल. आमच्या एका बैठकीला आलेले एक सरकारी साहेब मनापासून म्हणाले, "बायकांना वर पाठवूच नये, असा नियम करून टाकू." मागच्या रांगेतून एक मावशी उठल्या. म्हणाल्या, "साहेब, आम्हाला वर जाऊ नका म्हणू नका. वर जायचा रस्ता नीट करा म्हणा."

माझ्या मते आपली मागणी एवढीच आहे आणि तिचे चार भाग पडतात.

पहिला, नावाचा. जोडीची हजेरी बंद झाली पाहिजे. प्रत्येकीचं वेगळं नाव, वेगळी मजुरी, तिच्या हातात. कल्याणकारी मंडळाकडे नोंदणीसाठी मागच्या वर्षभरात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. वहीत नाव नसलेल्या बाईला तो कोण देणार? संघटनांनी नाक्यावर रोजची नोंद ठेवावी आणि शासनानं ती पुरावा म्हणून मानावी. कामावर मृत्यू झाला तर वारसाला मंडळाकडून पाच लाख रुपये मिळण्याची महाराष्ट्रात योजना आहे. पण त्यासाठी ती बाई आधी कागदावर मजूर ठरावी लागते.

दुसरा, स्लॅबच्या आदल्या दिवसाचा. परवानगी घेतलेल्या घराची जोता तपासणी होते, हे आपल्याला माहीत आहे. तशीच स्लॅब तपासणी का नको? टेकूंखाली फळ्या आहेत का, चढाच्या फळ्या बांधलेल्या आहेत का, कडेला बांबूचा कठडा आहे का, विजेची तार किती लांब आहे, प्यायला पाणी आणि जायला आडोसा आहे का, लेकरं ठेवायला सावली आहे का. एवढं बघायला अर्धा तास पुरतो. पालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा माणूस, संघटनेचा माणूस आणि गँगमधली एक बाई, असे तिघं मिळून ते बघू शकतात. घर बिनपरवान्याचं आहे म्हणून तपासणी नाही, असं उत्तर आपण मान्य करू नये. घर अनधिकृत असेल, पण त्याच्यावर चढणारं माणूस अनधिकृत नसतं.

तिसरा, नकाराचा. नव्या संहितेत जिवाला तातडीचा धोका दिसला तर मालकाला आणि निरीक्षकाला तसं कळवण्याचा हक्क मजुराला दिला आहे. कळवल्यावर त्या दिवसाची मजुरी बुडणार असेल तर कोण कळवेल? "हे टेकू पक्के झाल्याशिवाय मी चढणार नाही" असं म्हणणाऱ्या बाईची हजेरी भरली जाईल, एवढी हमी तिला मिळायला हवी. सिमेंटचे पत्रे बदलणाऱ्या गड्यांनाही हीच हमी हवी. तो पत्रा वरून मजबूत दिसतो आणि पाय पडला की फुटतो. आडव्या फळ्या टाकल्याशिवाय त्यावर चढायचं नसतं, हे प्रत्येक पत्रेवाल्याला ठाऊक असतं. तरी घाईत चढावं लागतं.

चौथा, खुर्चीचा. मंडळावर 'किमान एक स्त्री' या अटीची पूर्तता एखाद्या अधिकारी बाईंना बसवूनही होते. आपल्याला कामगारांच्या बाजूच्या खुर्चीवर घमेलं वाहिलेली बाई हवी आहे. हे संघटनांना सांगण्याची जबाबदारी आपली आहे. सरकारशी बोलताना संघटना आपल्या मित्र आहेत. पण मित्राच्या यादीत आपलं नाव नसेल तर ते त्याला तोंडावर सांगावं लागतं. त्या कार्यकर्ता दादाला मी सांगितलं. त्याला वाईट वाटलं, दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी स्वतः वहिनीच्या घरी आला आणि नुकसानभरपाईच्या दाव्यात साक्ष द्यायला तयार झाला. दावा अजून चालू आहे. वहिनी खरंच मजूर होती का, यावरच तारखा पडताहेत.

आमच्यातल्या काही मैत्रिणींना भीती वाटते की सरकार आणि संघटनांच्या टेबलावर जाऊन बसलं की आपली धार जाते, चहा-बिस्किटं होतात आणि इतिवृत्तात 'चर्चा समाधानकारक झाली' असं येतं. ही भीती खोटी नाही. मीही अशा बैठकांतून चिडून उठून आलेली आहे. पण बाहेर राहिलं की यादी दुसरं कुणी करतं आणि त्या यादीत दोनच नावं असतात, हे आता मी पाहिलं आहे. तेव्हा जायचं, पण एकटीनं जायचं नाही आणि 'त्यांच्या वतीनं' बोलायला तर मुळीच नाही. जिचा पाय फळीवर पडतो तिला बरोबर घेऊन जायचं. तिची त्या दिवसाची मजुरी बुडेल, ती कुठून भरून द्यायची हेही आधी ठरवून जायचं.

शेवटी थोडं आपल्याबद्दल. आपल्या केंद्रात मारहाणीच्या, पोटगीच्या, रेशनच्या तक्रारी घेऊन बायका येतात आणि आपण त्यांच्याबरोबर उभ्या राहतो. स्लॅबवरची बाई फारशी येत नाही. आपली मासिक बैठक सकाळी अकराला असते. त्या वेळी ती दहाव्या की बाराव्या खेपेवर असते. वहिनी नऊ वर्षं आमच्या केंद्रापासून तीन गल्ल्यांवर राहत होती. पडल्यावर तिची-माझी ओळख झाली. याचा दोष कुणा ठेकेदारावर टाकता येणार नाही.

म्हणून या पावसाळ्याच्या आत प्रत्येक गटानं एक काम करावं अशी विनंती आहे. आपल्या भागातल्या मजूर नाक्यावर सकाळी साडेसहाला जा. एका गँगबरोबर एक दिवस घालवा. वहीत बायकांची नावं आहेत का ते पाहा, नसतील तर आपल्या वहीत लिहून घ्या, तारखेसकट. तिथल्या संघटनेच्या लोकांना भेटा आणि स्लॅब तपासणीची मागणी मिळून करता येईल का ते विचारा. जे दिसेल, जे कानावर पडेल, ते आम्हाला लिहून पाठवा. चार ओळी असल्या तरी चालतील. पुढच्या अंकाची पानं आम्ही त्यासाठी राखून ठेवत आहोत आणि तुमच्या वह्यांमधली नावं एकत्र करून कामगार खात्याकडे आणि संघटनांकडे घेऊन जाणार आहोत.

त्या यादीत पहिलं नाव वहिनीचं आहे. तिनं ते स्वतःच्या हातानं लिहिलं. सही करायला ती साक्षरता वर्गात शिकली होती. म्हणाली, "नऊ वर्षांत एवढ्या स्लॅबला हात लावला, पण माझं नाव लिहायला वही कुणी पुढे केली नव्हती."

तुमच्या पत्रांची वाट पाहते.